मी तर बारीक आहे, मग मला स्लीप अ‍ॅप्निया कसा असेल?

पत्र

डॉक्टर, स. न. वि. वि.

माझं वय ४९, वजन ५१ किलो. मी कधीच जाड नव्हते. गेली दोन वर्षं माझ्या झोपेचा पार विचका झालाय. आडवी झाले की झोप लागते, पण दोन-अडीचला दचकून जाग येते. छाती धडधडत असते, आणि मग दोन-तीन तास टक्क जागी. रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठते. सकाळी डोकं जड. दिवसा डुलक्या येत नाहीत, पण अंगात त्राण नसतं, ओळखीच्यांची नावं आठवत नाहीत, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. दीड वर्षापूर्वी पाळी गेली. सगळे म्हणतात, या वयात असं होतंच. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती घेतली की सकाळी डोकं आणखीच जड वाटतं. शुगर आणि हिमोग्लोबिन नॉर्मल आहे.

माझ्या सासऱ्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. ते चांगले धिप्पाड. घोरायला लागले की शेजारच्या खोलीत कुणाला झोप यायची नाही, आणि दिवसा बोलता बोलता पेंगायचे. आता मशीन लावून झोपतात. नणंद सध्या आमच्याकडे आहे. ती परवा म्हणाली, "वहिनी, तुलाही बाबांसारखंच आहे बहुतेक, रात्री तुझा श्वास मध्येच थांबला होता." मला हसूच आलं. तरी मन खात होतं म्हणून घरच्या घरी बोटाला आणि नाकाला लावायची टेस्ट केली. त्यात आकडा ४ आला, खाली 'नॉर्मल' लिहिलंय. म्हणजे विषय संपला ना?

जाता जाता आणखी एक. नणंदेचा मुलगा ६ वर्षांचा आहे. तो तोंड उघडं टाकून झोपतो, मान मागे टाकतो, घामाने उशी भिजवतो, अजून अंथरूण ओलं करतो. शाळेतून सारखी तक्रार, की एका जागी बसत नाही. घोरतोही. घरात सगळे कौतुकाने म्हणतात, आजोबांवर गेलाय!

— एक वाचक

उत्तर

ताई,

विषय संपलेला नाही. तुमचाही नाही आणि त्या मुलाचा तर मुळीच नाही. त्याची गोष्ट तुम्ही 'जाता जाता' लिहिलीत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यांत घाईची ओळ तीच आहे. त्याला येत्या काही दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. का, ते पुढे सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या हसण्याबद्दल. सासऱ्यांना रोज पाहून तुमच्या मनात स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचा, एक चेहरा ठरून गेलाय: वजनदार पुरुष, जाड मान, मोठमोठ्याने घोरणं, दिवसा पेंग. असे रुग्ण भरपूर असतात, त्यामुळे तो चेहरा खोटा म्हणता येणार नाही. पण तोच चेहरा कित्येक वर्षं आम्हा डॉक्टरांच्याही डोक्यात होता. झोपेच्या दवाखान्यांत एका बाईमागे आठ-दहा पुरुष दिसायचे, तेव्हा हा पुरुषांचाच आजार असं धरून चालत असत. मग १९९३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या नोकरदार स्त्री-पुरुषांची, म्हणजे दवाखान्यात न आलेल्या साध्या माणसांची, रात्रभर तपासणी करून निघालेले आकडे छापून आले. ३० ते ६० वयाच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत ९ टक्के लोकांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडत होता. आठास एक कुठे आणि हे कुठे! बायकांना आजार होता, पण त्या दवाखान्यापर्यंत पोचत नव्हत्या, कारण त्यांच्या तक्रारी त्या ठरलेल्या चेहऱ्यात बसत नव्हत्या. तुमच्याही बसत नाहीत.

श्वास अडतो तो घशात. नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतची जी वाट आहे तिला हाडाचा किंवा कूर्चेचा पक्का आधार नाही. बोलायला आणि गिळायला ती लवचीक लागते. जागेपणी जिभेचे आणि टाळूचे स्नायू ती उघडी धरून ठेवतात, झोपेत ते सैलावतात. आपण श्वास आत ओढतो तेव्हा त्या वाटेत ओढ निर्माण होते. मऊ स्ट्रॉमधून जोरात ओढलं की ती मधेच चपटी होते, तसंच. वाट मुळात रुंद असेल तर स्नायू सैल पडूनही काही बिघडत नाही. अरुंद असेल तर टाळूचा मागचा भाग आणि जीभ मागच्या भिंतीला टेकतात. हवा कमी होते किंवा थांबते, ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून स्नायूंना जागं करतो, वाट उघडते. ही जाग बहुतेक वेळा काही सेकंदांचीच असते, सकाळी तिची आठवणही नसते. हवा निदान १० सेकंद थांबली किंवा बरीच कमी झाली की एक वेळ मोजतात. मोठ्या माणसांत तासाला ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम आणि ३० पासून पुढे तीव्र.

प्रश्न असा, की वाट अरुंद का? इथेच माणसागणिक उत्तर बदलतं, आणि तुमच्या पत्राला मला मुख्यतः हेच सांगायचं आहे: आजाराचं नाव एक असलं तरी तो तुम्हाला, सासऱ्यांना आणि त्या मुलाला तीन निरनिराळ्या कारणांनी असू शकतो. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजलं की चुकतं.

सासऱ्यांचं कारण उघड आहे. चरबी मानेभोवती साठते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती जिभेतही साठते, हे फारसं कुणी सांगत नाही. पोटाची चरबी पाठीवर झोपल्यावर फुप्फुसांना वर ढकलते. फुप्फुसं लहान झाली की श्वासनलिकेला खालून मिळणारा ताण कमी होतो आणि घसा आणखी सहज मिटतो. अशा माणसाचं वजन कमी झालं तर फरक पडतो. विस्कॉन्सिनच्याच गटावर पुढे ४ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा वजन १० टक्क्यांनी उतरलं तर तासाला श्वास अडण्याचा आकडा सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो आणि वजन तेवढंच वाढलं तर सुमारे ३२ टक्क्यांनी चढतो, असं दिसलं.

तुमच्याकडे उतरवायला वजनच नाही. मग तुमची वाट कशाने अरुंद असेल? आरशात स्वतःला बाजूने बघा, किंवा कुणाला तसा फोटो काढायला सांगा. हनुवटी मागे गेलेली आहे का? खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत का? टाळू उंच कमानीसारखा आणि अरुंद आहे का? तोंड मोठं उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ दिसते, की जिभेनेच सगळं झाकून जातं? जिभेला ठेवायची जागा जबडा ठरवतो. जबडा लहान किंवा मागे असेल तर जीभ मागे सरकणारच, मग माणूस कितीही सडपातळ असो. बारीक बांध्याच्या रुग्णांत मी सगळ्यांत आधी हेच बघते. जबड्याची ठेवण घराण्यात उतरते, म्हणून आई-वडील, भावंडं यांच्यात कोण घोरतं याचीही चौकशी करा. सासऱ्यांच्या आजाराशी तुमचं रक्ताचं नातं नाही, माहेरच्या माणसांशी आहे.

त्यात दीड वर्षापूर्वी पाळी गेली. प्रोजेस्टेरॉन हे पाळीशी निगडित हार्मोन श्वासाला चालना देतं आणि घशाच्या स्नायूंचा ताण टिकवायला मदत करतं. पाळी गेल्यावर ते आधारच निघून जातात. त्यामुळे चाळिशीपर्यंत अरुंद घसा घेऊन बिनघोर झोपलेल्या बाईचा श्वास पन्नाशीच्या आसपास अडायला लागतो. वजन आणि वय हिशेबात धरूनही पाळी गेलेल्या बायकांत हे प्रमाण अडीच पटीच्या घरात आढळलं आहे. 'या वयात असं होतंच' हे वाक्य म्हणूनच मला बोचतं. या वयात होतं हे खरं, म्हणून तर या वयात ते तपासायला हवं. पाळी जाताना अंगातून वाफा येऊन झोप मोडते तीही खरीच. दोन्ही एकत्र असू शकतं. एक आहे म्हणून दुसरं नसेल, असं मानण्याला आधार नाही.

आणखी एक कारण घशाच्या आकाराबाहेरचं आहे. २०१३ साली संशोधक डॅनी एकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की अरुंद वाटेखेरीज तीन गोष्टी या आजाराला हातभार लावतात. झोपेत घशाचे स्नायू वेळेवर जागे होत नाहीत, ही एक. श्वासावरचं मेंदूचं नियंत्रण अति-संवेदनशील असतं, जरा काही झालं की श्वास एकदम वाढतो नि मग एकदम मंदावतो, ही दुसरी. आणि तिसरी, माणूस फार सहज जागा होतो. थोडीशी अडचण आली, घसा सावरायच्या आतच झोप मोडली. त्यांनी तपासलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात ही तिसरी गोष्ट होती, आणि जाड नसलेल्या रुग्णांत ती जास्त भेटते. अशा माणसाचा ऑक्सिजन फार खाली जात नाही, घोरणंही बेताचं असतं, पण झोपेचे तुकडे होतात. तो डॉक्टरांकडे येतो ते 'मला निद्रानाश आहे' असं म्हणत. तुमचं पत्र वाचताना मला हेच राहून राहून वाटत होतं.

तुमच्या एकेका तक्रारीकडे आता या बाजूने बघा. घसा बंद असताना छाती आत ओढायचा प्रयत्न करतच राहते. त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाचा समज होतो की शरीरात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडांना लघवी वाढवायचा निरोप देणारं हार्मोन सोडतं. रात्री लघवीला उठावं लागतं ते कित्येकदा मूत्राशयाच्या दोषाने नसतं, याने असतं. प्रत्येक गुदमरण्यासरशी अ‍ॅड्रिनॅलिनचा झोत सुटतो, म्हणून जाग येते तीच छाती धडधडत. सकाळचं जड डोकं हेही या आजाराचं जुनं लक्षण आहे. आणि दोन-अडीचच का? स्वप्नांची झोप, जिला आम्ही आरईएम म्हणतो, रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. त्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू जवळजवळ लुळे पडतात, घसा धरून ठेवणारेही. काही जणांचा, विशेषतः बायकांचा, श्वास फक्त याच झोपेत अडतो.

दिवसा डुलक्या येत नाहीत म्हणून आजार नाही, असंही समजू नका. मेलबर्नच्या मरी जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली जगभर वापरतात. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे आठ प्रश्न त्यात असतात. पेंगणाऱ्या माणसाला ती बरोबर पकडते. पण बायका बहुधा पेंग येते असं सांगत नाहीत. थकवा, उत्साह नसणं, उदास वाटणं, विसरभोळेपणा, डोकेदुखी असं सांगतात. मग कुणाला नैराश्याची गोळी मिळते, कुणाला टॉनिक. जोखीम मोजायची दुसरी प्रश्नावली, स्टॉप-बँग, तिच्यात जाड मान, पुरुष असणं, वय ५० च्या वर, वजन खूप जास्त, रक्तदाब, मोठं घोरणं यांना गुण आहेत. तुम्ही ती भरलीत तर थकवा आणि नणंदेने पाहिलेला थांबलेला श्वास एवढेच दोन गुण मिळतील आणि 'धोका कमी' असं उत्तर येईल. प्रश्नावली चांगलीच आहे, पण ती सासऱ्यांसारख्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली आहे.

तुमच्या ओळखीत आणखी कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते: तीन औषधं घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागलेत, पुरुषाला लैंगिक अडचण जाणवते, म्हातारपणी स्मृती झपाट्याने उतरतेय, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अचानक घोरणं सुरू झालंय आणि रक्तदाब चढतोय, अशा वेळी झोपेतला श्वास तपासायला हवा. या लोकांपैकी कितीतरी जण झोपेची तक्रार करतच नाहीत.

आता तुमचा ४ हा आकडा. घरच्या टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी मोजत नाहीत. त्यामुळे तुम्ही झोपलात कधी आणि जाग्या कधी, हे मशीनला नीट कळत नाही. ते मशीन चालू असलेल्या सगळ्या तासांनी भागाकार करतं. समजा ते ७ तास चालू होतं आणि त्यातले ३ तास तुम्ही जाग्या होतात. २८ वेळा श्वास अडला असेल तर २८ भागिले ७, म्हणजे ४. पण झोपलात ४ तासच, आणि २८ भागिले ४ म्हणजे ७. नॉर्मलची रेघ तिथेच ओलांडली जाते. शिवाय ऑक्सिजन फारसा न घसरता नुसती झोप मोडली, तर घरचं मशीन ती वेळ मोजतच नाही, कारण झोप मोडली हे त्याला दिसत नाही. तुमच्यासारख्या सहज जागं होणाऱ्या माणसात नेमक्या याच वेळा जास्त असतात. त्यात स्वप्नांची झोप लांबायच्या वेळेलाच तुम्ही टक्क जाग्या. घरची टेस्ट 'आहे' म्हणाली तर बहुतेक वेळा विश्वास ठेवावा. 'नाही' म्हणाली आणि तक्रारी तशाच आहेत, तर तिच्यावर थांबू नये.

म्हणून झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभराची पूर्ण तपासणी करून घ्या, पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात तिला. नव्या जागी झोप लागणार नाही याची भीती वाटेल. थोडी कमी लागते, पण निदानाला सहसा पुरते. रिपोर्ट हातात आल्यावर नुसता सरासरी आकडा बघून परत फिरू नका. आरईएम झोपेत आकडा किती, पाठीवर असताना किती आणि कुशीवर किती, ऑक्सिजन किती खाली गेला, तासाला झोप किती वेळा मोडली, हे चारही विचारा. आकडा मोजताना ऑक्सिजनची ४ टक्के घसरण धरलीय, की ३ टक्के घसरण किंवा नुसती झोपमोडही धरलीय, हेही विचारा. नियम बदलला की त्याच रात्रीचा आकडा बदलतो. आणि तपासणीत श्वास खरंच ठीक निघाला, तर तेही मोलाचं आहे. मग निद्रानाशावर सरळ उपचार करता येईल.

त्याआधी एक साधी रक्ततपासणी राहिलीय: थायरॉईड. तुम्ही शुगर आणि हिमोग्लोबिन लिहिलंत, हे लिहिलं नाही. थायरॉईड मंदावलं की जीभ आणि घशाचे ऊतक सुजतात, श्वासाची ओढही कमी होते. थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड ही त्याचीही लक्षणं आहेत. अंगठी किंवा चपला अलीकडे घट्ट व्हायला लागल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. वाढीचं हार्मोन प्रमाणाबाहेर स्रवण्याचा एक विरळ आजार आहे, त्यात जीभ मोठी होते. संध्याकाळी पाय सुजत असतील तर रात्री आडवं झाल्यावर ते पाणी मानेकडे सरकतं आणि घसा अरुंद करतं, म्हणून तेही सांगण्यासारखं. नाक कायम चोंदलेलं असेल तर त्याचा इलाज करा, पण नाक मोकळं झालं की हा आजार जाईल अशी आशा धरू नका. तसं क्वचित होतं.

आता त्या मुलाकडे येते.

६ वर्षांच्या मुलात कारण बहुतेक वेळा वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागची, टॉन्सिलसारखीच गाठ) असतं. साधारण तीन ते सात वर्षांच्या दरम्यान हे दोन्ही घशाच्या मानाने सगळ्यांत मोठे असतात. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, कारण तसं झोपलं की वाट थोडी रुंदावते. झोपेतच तो जीव आपल्यापरीने हवा शोधत असतो. घाम येतो तो श्वास घेण्याच्या कष्टांनी. अंथरूण ओलं होण्यामागेही हे कारण असू शकतं. आणि मोठा माणूस झोप मोडली की मरगळतो, तसं लहान मूल मरगळत नाही, उलट चळवळं होतं. लक्ष लागत नाही, हट्ट करतं, रडतं. मोठ्यांत तासाला ५ पर्यंत चालवून घेतात, मुलांत तासाला एकदा श्वास अडला तरी तो आजार धरतात. 'आजोबांवर गेलाय' हे कौतुक आजपासून बंद करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरणारं मूल तपासलंच पाहिजे. आणि शाळेने चंचलपणाची तक्रार केली म्हणून त्यासाठी औषध सुरू करायचं ठरत असेल, तर त्याआधी झोप तपासा.

टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढायची शस्त्रक्रिया सुचवली तर नणंद घाबरेल. तिला हे सांगा. २०१३ साली ५ ते ९ वयाच्या मुलांवरची 'चॅट' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल झाली. नुसती वाट पाहिलेल्यांत ४६ टक्क्यांची झाली. वागणूक आणि झोपेच्या तक्रारी शस्त्रक्रियेनंतर जास्त सुधारल्या, पण एकाग्रतेच्या चाचणीत दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. म्हणजे त्रास सौम्य असेल तर काही काळ नाकातला स्टेरॉइड स्प्रे देऊन थांबता येतं, त्रास जास्त असेल तर थांबण्यात अर्थ नाही. मूल कुठल्या बाजूला आहे ते डॉक्टर तपासून ठरवतील. तुम्ही एवढंच करा, की तो गाढ झोपलेला असताना छाती आणि तोंड दोन्ही दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. श्वास घेताना छाती आत आणि पोट बाहेर जात असेल, तर तपासायच्या खोलीत शांत बसलेल्या मुलाकडे पाहून जे कळत नाही ते डॉक्टरांना व्हिडिओत दिसेल. शस्त्रक्रियेनंतरही घोरणं राहिलं तर पुन्हा दाखवा. टाळू अरुंद असेल तर दातांचे डॉक्टर तो हळूहळू रुंद करू शकतात, आणि ते या वयात सोपं जातं.

उपचार कारणापाठोपाठ येतात. सासरे लावतात ते सीपॅप मशीन सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पुढे आणलं. हवेच्या दाबाने घसा उघडा धरणं हे त्याचं काम, त्यामुळे कारण कुठलंही असलं तरी ते चालतं. तुमचं निदान झालं तर तुम्हालाही ते सुचवतील, आणि मास्कची मनात अढी धरू नका. पण तुमच्यासारख्या बांध्यात दुसरे मार्गही असतात. दातांवर बसवायचं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण सौम्य ते मध्यम आजारात चांगलं काम देतं. ते बाजारातून तयार घेऊ नका, दातांच्या डॉक्टरांकडून माप देऊनच करून घ्या, नाहीतर जबड्याचा सांधा दुखायला लागतो. पाठीवरचा आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त निघाला, तर नुसतं कुशीवर झोपायची सवय लावूनही बराच फरक पडतो. वजन कमी करणाऱ्या औषधांपैकी टिर्झेपेटाइडला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली, पण ती लठ्ठ रुग्णांसाठी आहे. कुणी सुचवलं तरी तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. निद्रानाश सोबत असेल तर त्यासाठीची वर्तन-उपचार पद्धतही समांतर सुरू करावी लागते. श्वास सुधारला तरी रात्री जाग येऊन पडून राहायची लागलेली सवय आपोआप सुटत नाही.

झोपेच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांच्या कुळातली असेल तर ती घशाचे स्नायू आणखी सैल करू शकते. ज्यांनी ती दिली त्यांना भेटून 'श्वास थांबताना घरच्यांनी पाहिलाय' हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि ती कशी कमी करायची ते विचारा. बरेच दिवस घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. तपासणी होईपर्यंत कुशीवर झोपा. रात्री नीट झोप झाली नसेल त्या दिवशी लांबच्या प्रवासाला स्वतः गाडी चालवू नका. मध्यंतरी कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी किरकोळ असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा संशय आधी कळवा.

रिपोर्ट आला की वर सांगितलेले चारही आकडे आणि थायरॉईडचा निकाल लिहून पाठवा. मुलाला डॉक्टरांनी काय सांगितलं तेही कळवा. त्यासाठी तुमच्या रिपोर्टची वाट बघू नका.